ऊर्जेचं सूत्र लिहा, बल यंत्र काढेल: ओपनएमएममध्ये द्रव आर्गॉन

कणांचं सिम्युलेशन शिकवताना मी बरीच वर्षं पहिला तास लेनर्ड-जोन्स विभवाचं (दोन अणूंमधल्या ऊर्जेच्या सूत्राचं) डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्यांच्यातलं बल, हाताने काढण्यात घालवायचो. कुणाचं ऋण चिन्ह हरवायचं, कुणाच्या बाराचा सहा व्हायचा. मग ते चुकलेलं बल कोडमध्ये जायचं आणि कण पेटीबाहेर उधळायचे. विद्यार्थी दमायचे आणि भौतिकशास्त्र बाजूलाच राहायचं.

आता तो तास मी वेगळ्या कामाला लावतो. ऊर्जेचं सूत्र साध्या ओळीत लिहून द्यायचं, तिचं डेरिव्हेटिव्ह काढणं आणि ग्राफिक्स कार्डावर चालणारा कोड तयार करणं सॉफ्टवेअरवर सोपवायचं. हे करणारी बरीच साधनं आहेत. या लेखात मी ओपनएमएम घेतोय. त्याची सुरुवात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली, ते मुक्तस्रोत आहे, पायथनमधून चालतं आणि फोल्डिंग-अ‍ॅट-होम या प्रथिनांचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रकल्पातही वापरलं जातं.

ही सोय मोठी असली तरी चुका संपत नाहीत, त्या जागा बदलतात. बल आता ऊर्जेशी नेहमी जुळतं, पण ऊर्जाच चुकीची लिहिली असेल तर त्या चुकीशीही ते तितक्याच इमानाने जुळतं. त्यामुळे या लेखात सूत्र लिहिण्यापेक्षा ते तपासण्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

उदाहरण म्हणून अनीसूर रहमान यांचं १९६४ चं काम घेऊ. हैदराबादेत जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत (हे नाव मूलद्रव्याचं नव्हे), सीडीसी ३६०० या संगणकावर, द्रव आर्गॉनचे ८६४ अणू चालवून दाखवले. तापमान ९४.४ केल्विन, घनता दर घन सेंटिमीटरला १.३७४ ग्रॅम. अणूंमधला परस्परसंबंध लेनर्ड-जोन्स विभवाने मांडला होता. त्या काळी जे काम मोजक्या प्रयोगशाळांनाच शक्य होतं, ते आज घरच्या लॅपटॉपवर होतं. शिवाय उत्तर माहीत असलेलं उदाहरण असलं की आपण कुठे चुकलो ते कळतं.

एक खुलासा. क्लास, फंक्शन आणि चलांची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये तीच नावं रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांत टाका.

बसवणं

कोंडा (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) वापरत असाल तर कोंडा-फोर्ज या चॅनेलवरून ओपनएमएम घ्या. बसवून झाल्यावर पायथनच्या 'एम' पर्यायाने 'ओपनएमएम.टेस्टइन्स्टॉलेशन' चालवा. तुमच्या यंत्रावर कोणते प्लॅटफॉर्म उपलब्ध आहेत ते दिसेल: रेफरन्स, सीपीयू, आणि कार्ड असेल तर कुडा किंवा ओपनसीएल. रेफरन्स सगळ्यांत हळू आहे, पण तो दुहेरी अचूकतेने आकडेमोड करतो. सूत्र तपासताना नेहमी तोच वापरा.

जुनी उदाहरणं वाचताना 'सिमटीके.ओपनएमएम' असं आयात केलेलं दिसेल. ७.६ आवृत्तीपासून फक्त 'ओपनएमएम' लिहायचं.

सूत्राची भाषा

दोन-दोन कणांमधल्या बलासाठी 'कस्टमनॉनबॉन्डेडफोर्स' हा क्लास आहे. त्याला ऊर्जेचं सूत्र मजकुराच्या रूपात द्यायचं:

४*एप्सिलॉन*((सिग्मा/आर)^१२-(सिग्मा/आर)^६); सिग्मा=०.५*(सिग्मा१+सिग्मा२); एप्सिलॉन=स्क्वेअररूट(एप्सिलॉन१*एप्सिलॉन२)

यातला 'आर' म्हणजे दोन कणांमधलं अंतर, तो आधीच ठरलेला आहे. 'सिग्मा' (ऊर्जा शून्य होते ते अंतर) आणि 'एप्सिलॉन' (विभवाच्या तळाची खोली) ही प्रत्येक कणाची मापं. ती 'अ‍ॅडपरपार्टिकलपॅरामीटर'ने जाहीर केली की सूत्रात पहिल्या कणाच्या मापाला १ आणि दुसऱ्याच्या मापाला २ हा प्रत्यय लागतो. घातासाठी टोपी-चिन्ह वापरायचं, पायथनसारखे दोन तारे नाहीत. वर्गमुळाचं फंक्शन रोमनमध्ये चार अक्षरांचं आहे, नेहमीचंच.

सूत्र उजवीकडे वाढत जातं. आधी मुख्य राशी, मग अर्धविरामानंतर तिच्यातल्या नावांच्या व्याख्या. एखाद्या व्याख्येत आणखी नवं नाव आलं तर त्याची व्याख्या तिच्याही उजवीकडे हवी. पायथनची सवय असलेल्यांना हा क्रम उलटा वाटतो, पण फळ्यावर आपण असंच लिहितो: आधी सूत्र, मग 'जिथे सिग्मा म्हणजे अमुक'.

सूत्र दोन्ही कणांना समान वागवणारं हवं. १ आणि २ यांची अदलाबदल केल्यावर ऊर्जा बदलत असेल तर उत्तराची कुठलीच हमी नाही, कारण जोडीतला पहिला कोण आणि दुसरा कोण हे तुमच्या हातात नसतं. याबद्दल सॉफ्टवेअर इशाराही देत नाही.

पडद्यामागे लेप्टन नावाची छोटी लायब्ररी काम करते. ती सूत्र वाचून त्याचं झाड बनवते. झाडाच्या प्रत्येक फांदीला अवकलनाचे नियम लावून 'आर'च्या संदर्भातलं डेरिव्हेटिव्ह काढते आणि ते सोपं करते. मग ओपनएमएम त्यातून कार्डासाठीचा कोड लिहून तो कंपाइल करतं. पुन्हा पुन्हा येणारे तुकडे एकदाच मोजले जातात, आणि बारावा घात गुणाकारांत बदलला जातो. म्हणून सूत्र तुम्हाला वाचता येईल असंच लिहा, वेगासाठी स्वतः मोडतोड करू नका. हे सगळं 'कॉन्टेक्स्ट' (एका सिम्युलेशनची चालू स्थिती ठेवणारी वस्तू) तयार होताना घडतं, त्यामुळे पहिल्यांदा थोडा वेळ जातो.

हीच लेप्टन लायब्ररी प्लुमेड आणि लॅम्प्स या कणांच्या सिम्युलेशनच्या इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे. लॅम्प्समध्ये जोडीच्या बलाची 'लेप्टन' नावाची शैलीच मिळते. इथे शिकलेली लिहिण्याची पद्धत तिथेही उपयोगी पडते.

एककं

लांबी नॅनोमीटर, वेळ पिकोसेकंद, वस्तुमान डाल्टन, ऊर्जा किलोज्यूल प्रति मोल, कोन रेडियन. सूत्राच्या आत तुम्ही जो साधा आकडा लिहाल तो याच एककांत धरला जातो.

माझ्या हातून यात झालेली सगळ्यांत महागडी चूक अशी: एका तक्त्यातून मी सिग्मा समजून जे आकडे घेतले, ते प्रत्यक्षात विभवाच्या तळाच्या अंतराचे निम्मे होते. काही बलक्षेत्रांत (सूत्रं आणि मापांच्या तयार संचांत) तसेच देतात. सिम्युलेशन सुरळीत चाललं, काहीही उधळलं नाही, फक्त घनता विचित्र येत राहिली आणि कारण सापडायला आठवडा गेला. तळ सिग्माच्या २^(१/६), म्हणजे सुमारे १.१२२५ पट अंतरावर असतो. तक्त्यात निम्मं तळ-अंतर असेल तर आधी दोनने गुणा, मग १.१२२५ ने भागा.

आर्गॉनसाठी रहमान यांनी सिग्मा ३.४ अँगस्ट्रॉम घेतला, म्हणजे ०.३४ नॅनोमीटर. एप्सिलॉन तापमानाच्या रूपात १२० केल्विन. त्याला ०.००८३१४५ ने गुणलं की ०.९९७७ किलोज्यूल प्रति मोल मिळतात.

आधी दोनच कण

८६४ कणांकडे धावू नका. दोन कणांची 'सिस्टम' (कण आणि बलं यांची नोंद ठेवणारी वस्तू) बनवा, कटऑफ (ज्या अंतरापलीकडे बल मोजायचंच नाही ती मर्यादा) बंद ठेवा, रेफरन्स प्लॅटफॉर्म घ्या. एक कण शून्यावर, दुसरा एक्स अक्षावर.

अंतर ०.३४ ठेवलं की ऊर्जा शून्य यायला हवी आणि बल २४ गुणिले एप्सिलॉन भागिले सिग्मा, म्हणजे ७०.४३ किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर, कणांना एकमेकांपासून दूर ढकलणारं. अंतर ०.३८१६४ ठेवलं की ऊर्जा उणे ०.९९७७ आणि बल जवळजवळ शून्य. हे दोन बिंदू जुळले की घात, गुणक आणि एककं बरोबर आहेत असं समजायला हरकत नाही.

त्यानंतर अंतर ०.३० पासून १.० पर्यंत बारीक पावलांनी बदलून ऊर्जेचा आलेख काढा आणि नुसता पाहा. डोळ्यांना चटकन दिसणाऱ्या चुका कितीतरी असतात.

मोठ्या सूत्रासाठी मी सिम्पाय ही पायथनमधली चिन्हांचं गणित करणारी लायब्ररी जोडीला घेतो. तीच राशी सिम्पायमध्ये मांडायची, तिथे डेरिव्हेटिव्ह काढायचं आणि दहा-बारा अंतरांवर ओपनएमएमच्या बलाशी ताडून पाहायचं. सिम्पायमधली राशी मजकुरात बदलून ओपनएमएमला देणार असाल तर दोन तारे टोपीने बदलायला विसरू नका. पायची किंमतही सूत्रात व्याख्या म्हणून द्यावी लागते, लेप्टनला ती आपोआप माहीत नसते.

पेटी भरणं

८६४ म्हणजे ४ गुणिले ६ चा घन. एफसीसी जाळीच्या (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू असलेल्या रचनेच्या) एका घरात चार अणू असतात, म्हणून तिन्ही दिशांना सहा-सहा घरं मांडली की अणू नेमके बसतात. पेटीची बाजू घनतेवरून काढू. ८६४ गुणिले ३९.९४८ म्हणजे ३४,५१५ डाल्टन. दर घन सेंटिमीटरला १.३७४ ग्रॅम म्हणजे दर घन नॅनोमीटरला ८२७.४ डाल्टन. भागाकार ४१.७१ घन नॅनोमीटर, घनमूळ ३.४६८. एका घराची बाजू त्यामुळे ०.५७८ नॅनोमीटर, आणि शेजारच्या अणूचं अंतर ०.४०९. ते विभवाच्या तळापेक्षा किंचित जास्त आहे, म्हणून सुरुवातीला कुठलेही दोन कण एकमेकांवर चढलेले नसतात.

'सिस्टम'मध्ये ८६४ वेळा ३९.९४८ वस्तुमानाचा कण घाला आणि बलाच्या वस्तूतही तितक्याच वेळा दोन मापं द्या. दोन्हीकडची संख्या जुळली नाही तर 'कॉन्टेक्स्ट' तयारच होत नाही. 'कटऑफपिरिऑडिक' पद्धत (आवर्ती, म्हणजे पेटी चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडलेली धरणारी) निवडा, कटऑफ ०.७६५ नॅनोमीटर ठेवा. रहमान यांचा कटऑफ सिग्माच्या २.२५ पट होता, तो हाच. कटऑफ पेटीच्या निम्म्या बाजूपेक्षा मोठा चालत नाही. आपली निम्मी बाजू १.७३४ आहे, म्हणजे अडचण नाही.

आता पुढची तपासणी. ओपनएमएममध्ये लेनर्ड-जोन्स आधीपासून 'नॉनबॉन्डेडफोर्स' या क्लासमध्ये आहे. शून्य विद्युतभार देऊन तीच पेटी त्याने चालवा आणि एकूण ऊर्जा आपल्या सूत्राशी ताडून पाहा. इथे बरेच जण अडखळतात: आकडे जुळत नाहीत आणि सूत्रावर संशय येतो. कारण असं की तयार क्लासमध्ये कटऑफपलीकडच्या आकर्षणाची दुरुस्ती मुळात चालू असते, कस्टम क्लासमध्ये मुळात बंद. तयार क्लासमधली 'डिस्पर्शन करेक्शन' बंद करा. मग आकडे जुळतील.

कटऑफची पायरी

०.७६५ वर विभव अजून शून्य झालेलं नसतं. तिथे ते उणे ०.०३०५ किलोज्यूल प्रति मोल आहे. कणांची जोडी ही सीमा ओलांडते तेव्हा ऊर्जा तेवढी उडी मारते, पण त्या उडीचं बल कुणालाच लागत नाही. एकूण ऊर्जा स्थिर राहत नाही ती यामुळे.

'सेटयूजस्विचिंगफंक्शन' चालू करून स्विचिंगचं अंतर ०.६८ ठेवा. मग ०.६८ ते ०.७६५ या पट्ट्यात विभव हळुवार शून्यावर येतं.

हीच गोष्ट स्वतःच्या सूत्रात 'स्टेप' फंक्शन वापरून करण्याचा मोह होतो. करू नका. लेप्टन 'स्टेप'चं डेरिव्हेटिव्ह शून्य धरतं, म्हणजे ऊर्जा उडी मारते आणि बलाला पत्ताच नसतो. एखादी भिंत किंवा मर्यादा हवी असेल तर के*मॅक्स(०, आर-आर०)^२ असं लिहा. सीमेवर ऊर्जा आणि बल दोन्ही शून्यातून सुरू होतात.

आणखी एक सापळा वर्गमुळाचा. बिंदूपासूनचं अंतर स्वतः वर्गमुळाने लिहिलं आणि कण नेमका त्या बिंदूवर आला, तर डेरिव्हेटिव्हमध्ये शून्य भागिले शून्य होतं. कणाचा निर्देशांक 'नॅन' (संख्याच नसलेली किंमत) झाल्याचा संदेश येतो तेव्हा मी सर्वांत आधी सूत्रातली वर्गमुळं आणि भागाकार शोधतो. दुसरा संशय बकिंगहॅम विभवावर. त्यातलं घातांकी प्रतिकर्षण अंतर शून्य होताना मर्यादित राहतं, पण आकर्षण उणे अनंताकडे जातं. तापलेले दोन कण तो उंबरठा ओलांडले की एकमेकांत कोसळतात. सूत्र तिथे पुस्तकाप्रमाणे अगदी बरोबर असतं.

चालवणं

जाळी आधी वितळवायला हवी. 'लँजेव्हिनमिडलइंटिग्रेटर' (थर्मोस्टॅट असलेली, म्हणजे तापमान राखणारी पद्धत) घ्या, घर्षण १ प्रति पिकोसेकंद, पाऊल ०.००५ पिकोसेकंद. २०० केल्विनला २० पिकोसेकंद, मग ९४.४ केल्विनला ५० पिकोसेकंद. त्यानंतर स्थानं आणि वेग उचलून 'व्हर्लेइंटिग्रेटर' असलेल्या नव्या 'कॉन्टेक्स्ट'मध्ये ठेवा. आता थर्मोस्टॅट नाही, म्हणून एकूण ऊर्जा स्थिर राहायला हवी. कार्डावर चालवत असाल तर अचूकता 'मिक्स्ड' ठेवा.

इथली माझी आवडती परीक्षा: पाऊल निम्मं करून पुन्हा चालवा. व्हर्ले पद्धतीत एकूण ऊर्जेची थरथर पावलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती सुमारे चौथा हिस्सा व्हायला हवी. तशी झाली तर ऊर्जा आणि बल एकमेकांशी सुसंगत आहेत. नाही झाली तर कुठेतरी पायरी किंवा कंगोरा उरला आहे.

सरासरी तापमान नेमकं ९४.४ येणार नाही. एवढ्या कणांत तापमान क्षणोक्षणी सुमारे अडीच अंश वरखाली होतं, आणि तुम्ही त्यातला एक क्षण उचललेला असतो. सरासरी फारच लांब गेली तर लँजेव्हिनच्या टप्प्यातला वेगळा क्षण उचला.

मग मोजायला घ्या. जोडी-वितरणाचा (एका अणूपासून ठराविक अंतरावर दुसरा सापडण्याच्या प्रमाणाचा) पहिला उंचवटा ०.३७ नॅनोमीटरच्या आसपास दिसेल. विसरणासाठी सरासरी वर्ग-विस्थापनाचा वेळेशी असलेला उतार काढून सहाने भागा. रहमान यांचा आकडा दर सेकंदाला २.४३ गुणिले १० चा उणे पाचवा घात चौरस सेंटिमीटर होता, प्रयोगातल्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी. आपल्या एककांत तो दर पिकोसेकंदाला ०.००२४३ चौरस नॅनोमीटर, म्हणजे उतार ०.०१४६ च्या आसपास.

उतार खूपच मोठा आला तर दोन गोष्टी पाहा. स्थानं पेटीत परत गुंडाळलेली नसावीत. 'गेटस्टेट' मुळात न गुंडाळलेली स्थानं देतं, पण डीसीडी फाइल लिहिणारा रिपोर्टर आवर्ती पेटीत ती गुंडाळतो. आणि लँजेव्हिनच्या टप्प्याने सगळ्या पेटीला मिळून थोडा वेग दिलेला असतो. तो इवलासा वाटतो, पण सरासरीने १०० पिकोसेकंदांत त्याचा वाटा जवळजवळ ०.७ चौरस नॅनोमीटर भरतो, आणि खऱ्या विसरणाचा तेवढ्या वेळात साधारण १.४६. नवा टप्पा सुरू करण्याआधी वस्तुमानकेंद्राचा वेग वजा करा.

सूत्र बदलण्याची ताकद

इथवरचं काम तयार क्लासनेही झालं असतं. खरी गंमत आता आहे. द्रवातला एकच आर्गॉन अणू हळूहळू नाहीसा करून त्याची मुक्त ऊर्जा मोजायची आहे असं समजा. विभवाला नुसतं लॅम्डाने (१ म्हणजे अणू पूर्ण, ० म्हणजे नाहीसा) गुणलं तर शेवटच्या टप्प्यात शेजारी त्या अणूच्या आत शिरतात आणि ऊर्जा भडकते. त्यावरचा उपाय म्हणजे मऊ गाभा:

४*लॅम्डा*एप्सिलॉन*(१/डी^२-१/डी); डी=०.५*(१-लॅम्डा)+(आर/सिग्मा)^६

त्यापुढे आधीच्याच सिग्मा-एप्सिलॉनच्या व्याख्या. लॅम्डा १ केला की हे मूळ सूत्र होतं. दोन कणांची परीक्षा पुन्हा घ्या: लॅम्डा ०.५ आणि अंतर शून्य असताना 'डी' ०.२५ येतो, ऊर्जा २४ एप्सिलॉन, म्हणजे २३.९ किलोज्यूल प्रति मोल. मोठी आहे, पण अनंत नाही. तयार क्लासमध्ये हे करायला सी++ आणि कार्डाचा कोड उघडावा लागला असता. इथे एक ओळ बदलली.

'लॅम्डा' हे 'अ‍ॅडग्लोबलपॅरामीटर'ने जाहीर करा. त्याची किंमत 'कॉन्टेक्स्ट'च्या 'सेटपॅरामीटर'ने चालू सिम्युलेशनमध्ये बदलता येते, पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. बलाच्या दोन वस्तू लागतील. मऊ गाभ्याच्या वस्तूला 'अ‍ॅडइंटरॅक्शनग्रुप'ने एका बाजूला तो एक अणू आणि दुसऱ्या बाजूला उरलेले ८६३ द्या. साध्या सूत्राच्या वस्तूला दोन्ही बाजूंना तेच ८६३ द्या. हा दुसरा गट विसरलात तर तो अणू दोन्हीकडे मोजला जाईल आणि लॅम्डा शून्य असतानाही नाहीसा होणार नाही.

मुक्त ऊर्जेसाठी लॅम्डाच्या संदर्भातलं ऊर्जेचं डेरिव्हेटिव्ह हवं. 'अ‍ॅडएनर्जीपॅरामीटरडेरिव्हेटिव्ह'ला लॅम्डाचं नाव द्या. लेप्टन तेही सूत्रावरूनच काढतं आणि 'गेटस्टेट'मधून ते मागता येतं. लॅम्डा ० पासून १ पर्यंत ०.१ च्या पावलांनी अकरा ठिकाणी, प्रत्येक वेळी द्रव स्थिरावू देऊन, त्याची सरासरी काढा आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ घ्या. आलेख जिथे वेगाने वळतो तिथे मधले बिंदू वाढवा.

त्याआधी एकाच स्थिर मांडणीवर एक ताळा करा: लॅम्डा ०.५०१ आणि ०.४९९ ला एकूण ऊर्जा काढा, वजाबाकीला ०.००२ ने भागा आणि सॉफ्टवेअरने दिलेल्या डेरिव्हेटिव्हशी जुळवून पाहा. हे रेफरन्स प्लॅटफॉर्मवरच करा. एकूण ऊर्जा हजारोंच्या घरात असते, हवा असलेला फरक दशांश चिन्हानंतर कुठेतरी लपलेला असतो, आणि एकेरी अचूकतेत तो गोलाईच्या चुकांत बुडून जातो.